हमी कोणाची आणि किती वर्षांची? व्यवसायासाठी मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम निवडण्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

८ डिसेंबर २०२० रोजी सेंटओएस या फुकट लिनक्स-संचाच्या प्रकल्पाने एक आटोपशीर निवेदन काढले आणि जगभरच्या सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींची झोप उडाली. सेंटओएस लिनक्सच्या आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतील, असे तोवर सांगितले जात होते. निवेदनाने ती मुदत ३१ डिसेंबर २०२१ वर आणून ठेवली. गंमत अशी, की आधीची सातवी आवृत्ती मात्र ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४ पर्यंत चालणार होती. म्हणजे जे आळसाने जुन्यावरच थांबले ते तरले, आणि ज्यांनी शिस्तीने वेळेवर नवी आवृत्ती चढवली त्यांच्या हाती जेमतेम वर्ष उरले. त्या दिवशी कोडमधली एक ओळही बिघडली नव्हती. परवाना तोच होता. किंमतही तीच, म्हणजे शून्य. फिरवला गेला होता तो दिलेला शब्द.

व्यवसायासाठी मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम कशी निवडावी, या अभ्यासात नव्याने येणाऱ्याला मी हे प्रकरण सगळ्यांत आधी वाचायला सांगतो. बहुतेक जण येतात ते वेगळेच प्रश्न घेऊन. उबुंटू बरी की फेडोरा? कोणती हलकी चालते? कोणती दिसायला विंडोजसारखी आहे? घरच्या संगणकापुरते हे प्रश्न ठीकच आहेत. पण ज्या यंत्रावरून पगार निघतात, मालाची आवक-जावक नोंदली जाते, गिऱ्हाइकांची उधारी सांभाळली जाते, तिथे निवड करायची असते सांभाळणाऱ्याची. पुढली पाच-दहा वर्षे सापडत राहणाऱ्या चुका कोण दुरुस्त करणार, कोणाच्या पैशाने करणार, आणि त्याने हात वर केले तर आपल्याला कुठे जाता येणार? विषयाचा गाभा माझ्या मते एवढाच आहे. तपशील मात्र पुष्कळ आहेत आणि त्यांतच खरी मौज आहे.

दारातच थोडा धीर देतो. हा विषय केवळ संगणकशास्त्राचा नाही. त्यात परवान्यांचा कायदा आहे, खरेदीचे नियम आहेत, संस्था कशा चालतात आणि कशा मोडतात याचा इतिहास आहे, आणि हिशेब तर आहेच. काळी खिडकी उघडून आज्ञा टंकणे ज्याला जमत नाही, पण करारातली बारीक अक्षरे वाचण्याची सवय आहे, असा खरेदी अधिकारी या अभ्यासात निष्णात प्रोग्रॅमरच्या पुढे जाऊ शकतो. उलट नुसते यंत्र जाणणारा इथे अनेकदा फसतो, कारण त्याला आवडलेली गोष्ट आणि टिकणारी गोष्ट यांतला फरक तो विसरतो.

इतिहास घाईने सांगून टाकू. एमआयटीत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. कोणालाही वापरता, वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम त्यांना उभी करायची होती. अवजारे तयार होत गेली, पण कर्नल, म्हणजे यंत्राशी थेट बोलणारा गाभा, रखडला. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातला एक विद्यार्थी, लिनस टॉरव्हल्ड्स, याने स्वतःचा कर्नल प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी तो स्टॉलमन यांच्या जीपीएल परवान्याखाली आणला. या दोन गोष्टी आणि इतर हजारो प्रकल्पांतले कोड एकत्र बांधून, तपासून, चालू स्थितीत हाती देणारे जे संच निघाले त्यांना डिस्ट्रो म्हणतात. स्लॅकवेअर आणि डेबियन हे त्यांतले जुने, दोन्ही १९९३ चे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत सगळीच्या सगळी यंत्रे लिनक्सवर चालतात. ही माहिती भाषणात शोभते. तेवढ्यावरून कोणी आपल्या गोदामाचा सर्व्हर बदलू नये.

थांबायचे ते पुढच्या मुद्द्यापाशी, कारण तो कळला की अर्धा विषय कळला. डिस्ट्रोचे मोलाचे काम कोड गोळा करणे हे नव्हेच. समजा, वेब सर्व्हरच्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये सुरक्षेची चूक सापडली. मूळ लेखक ती दुरुस्त करतात आणि नवी आवृत्ती काढतात. त्या नव्या आवृत्तीत दुरुस्तीसोबत दहा नव्या सोयी असतात, एखादी जुनी सोय काढून टाकलेली असते, सेटिंगच्या फाइलची रचनाही बदललेली असू शकते. धंद्याला यातले काहीच नको असते. त्याला हवी असते फक्त दुरुस्ती, बाकी सारे काल जसे चालत होते तसेच. म्हणून डिस्ट्रोचे लोक नव्या आवृत्तीतून तेवढा तुकडा वेगळा काढतात आणि तीन-चार वर्षे जुन्या कोडमध्ये तो बेताने बसवतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. काम किचकट, कंटाळवाणे आणि बिननावाचे. यात नवे काही निर्माण होत नाही, त्यामुळे हौशी माणूस ते फार काळ करत नाही. एंटरप्राइज लिनक्सच्या वर्गणीत आपण जे पैसे मोजतो ते बहुतांशी या कामाचे असतात.

याचा एक मजेशीर परिणाम नवख्याला लवकरच भेटतो. ऑडिटर येतात, सुरक्षा तपासणारे स्कॅनर चालवतात आणि अहवालात लाल अक्षरांत लिहितात, की सर्व्हरवरची अपाची किंवा ओपनएसएसएच जुनाट आवृत्तीची आहे, धोका आहे. आवृत्तीचा आकडा खरोखरच जुना असतो, पण आतल्या दुरुस्त्या कालच्या असतात. मग सिस्टिम ॲडमिनला पॅकेजचा बदल-इतिहास उघडून, अमुक क्रमांकाची सीव्हीई, म्हणजे नोंदलेली सुरक्षा-चूक, अमुक तारखेला बुजवली आहे, असे एकेक करून दाखवावे लागते. कार्यालयात असा एक तरी माणूस हवा, ज्याला हे दाखवता येते. तो नसेल तर ऑडिटरच्या दडपणाखाली कोणी तरी मूळ लेखकांची ताजी आवृत्ती हाताने चढवतो आणि त्या दिवसापासून ते पॅकेज डिस्ट्रोच्या देखरेखीबाहेर जाते.

आता सेंटओएसकडे परत जाऊ, कारण त्या निवेदनामागचा इतिहास लांब आहे. रेड हॅट ही अमेरिकी कंपनी १९९३ ची. सुरुवातीला ती खोक्यात सीडी घालून विकत असे. २००२ मध्ये तिने एंटरप्राइज आवृत्ती काढली, २००३ मध्ये जुनी सर्वसाधारण आवृत्ती बंद केली आणि हौशी व प्रयोगशील लोकांसाठी फेडोरा प्रकल्प उभा केला. एंटरप्राइजची वर्गणी ज्यांना परवडत नव्हती किंवा नको होती, त्यांच्यासाठी काही स्वयंसेवकांनी एक सरळ युक्ती केली. रेड हॅट आपला सोर्स कोड सर्वांना उघडा करत असे. त्यातून कंपनीची नावे आणि चिन्हे काढायची, तो पुन्हा कंपाइल करायचा आणि फुकट वाटायचा. २००४ पासून हे सेंटओएस या नावाने होऊ लागले. होस्टिंगवाल्यांपासून विद्यापीठांपर्यंत असंख्य ठिकाणी ते बसले.

आणि इतक्या साऱ्यांचा भार होता किती जणांवर? मूठभर लोकांवर. २००९ मध्ये प्रकल्पाचे डोमेन ज्याच्या ताब्यात होते तो संस्थापक संपर्काबाहेर गेला आणि सहकाऱ्यांना त्याला उद्देशून जाहीर पत्र लिहावे लागले. रेड हॅटची सहावी आवृत्ती नोव्हेंबर २०१० मध्ये आली. सेंटओएसची सहावी निघायला जुलै २०११ उजाडला. आठ महिने लोक वाट पाहत बसले. २०१४ मध्ये रेड हॅटने प्रकल्पच आपल्या छत्राखाली घेतला, तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आता पगारी माणसे काम करतील, ही अपेक्षा रास्तच होती. २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट विकत घेतली. त्यानंतर दीड वर्षाच्या आत ते निवेदन आले.

गावाकडची सामायिक विहीर ज्याने पाहिली आहे त्याला यातले काही समजावून सांगावे लागत नाही. पाण्याला पैसे पडत नाहीत, पण उन्हाळ्यात गाळ काढायला कोणी उतरायचे यावरून भाऊबंदकी होते, आणि जो दर वर्षी मुकाट उतरतो तो एक दिवस आपल्या अटी घालतो.

मात्र कथा इथे संपत नाही, आणि पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. निवेदनानंतर काही दिवसांतच, सेंटओएसच्या आरंभीच्या मंडळींपैकी ग्रेगरी कुर्टझर यांनी रॉकी लिनक्सची घोषणा केली. दिवंगत सहकारी रॉकी मॅकगॉ यांचे नाव त्यांनी प्रकल्पाला दिले. क्लाउडलिनक्स या कंपनीच्या पुढाकाराने अल्मालिनक्स उभी राहिली आणि तिची पहिली पक्की आवृत्ती मार्च २०२१ मध्ये निघाली. दोन्हींनी चालू सर्व्हर जागच्या जागी पालटणाऱ्या स्क्रिप्ट दिल्या. रिपॉझिटरीचे, म्हणजे पॅकेजांच्या भांडारांचे, पत्ते बदलायचे, काही पॅकेजे अदलाबदल करायची, यंत्र पुन्हा चालू करायचे. डेटाला हात लावायचे कारण नाही. २०२३ मध्ये रेड हॅटने सोर्स कोड पूर्वीसारखा सरसकट उघडा ठेवणे थांबवले, तेव्हा पुन्हा वादळ उठले. अल्मालिनक्सने तंतोतंत नक्कल करण्याचा हट्ट सोडून, प्रोग्रॅम तसेच्या तसे चालले पाहिजेत एवढी सुसंगती राखायचे ठरवले. ओरॅकल, सूझा आणि रॉकीला पाठबळ देणारी सीआयक्यू या कंपन्यांनी मिळून वेगळी संघटना काढली.

याच्याशेजारी विंडोज १० ठेवून पाहा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट चालणारी कित्येक यंत्रे एका तारखेने निकामी ठरली. विंडोज १० चा दुसरा कोणी सांभाळकर्ता निर्माण होणे शक्यच नव्हते, कारण कोड मायक्रोसॉफ्टच्या कपाटात आहे. मुक्त परवाना हमी देत नाही, हे सेंटओएसने शिकवले. पण हमी देणारा मागे हटला तर दुसऱ्याला पुढे येण्याचा हक्क तो देतो. व्यवसायाच्या दृष्टीने या हक्काची किंमत किती धरायची, हा या अभ्यासातला एक खरा, अजून नीट न सुटलेला प्रश्न आहे. ताळेबंदात त्याला रकाना नाही.

वेगळ्या घडणीचे उदाहरण म्हणून डेबियन अभ्यासावे. तिचा मालक कोणी नाही. हजाराच्या आसपास स्वयंसेवक विकासक, लिखित संविधान, दर वर्षी नेत्याची निवडणूक, वादग्रस्त ठरावांवर मतदान. साठ हजारांहून अधिक पॅकेजे. अंदाजे दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते, तीन वर्षे नियमित दुरुस्त्या मिळतात आणि पुढची दोन वर्षे दुसरा गट, कंपन्यांच्या वर्गणीवर, काम चालवतो. अशी संस्था विकत घेता येत नाही, हे तिचे मोठे बळ. पण मालक नसणे म्हणजे निष्काळजीपणापासून मुक्ती असे समजू नये. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये सद्हेतूने केलेल्या एका बदलामुळे गुप्त किल्ल्या तयार करण्यातली यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली. तयार होऊ शकणाऱ्या किल्ल्या एका प्रकारात आणि एका लांबीत ३२,७६८ च उरल्या. कोड सर्वांसमोर उघडा होता. चूक मे २००८ मध्ये जाहीर झाली, तोवर दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता. उघडे असणे आणि कोणी तरी पाहत असणे यांत केवढे अंतर आहे, हे शिकवायला मला याहून चांगले उदाहरण मिळालेले नाही.

उबुंटू २००४ ची. मार्क शटलवर्थ यांच्या कॅनॉनिकलने डेबियनच्या पायावर ती उभारली. एके काळी मागेल त्याला टपालाने फुकट सीडी येत असे आणि भारतातल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिले ते त्या पाकिटातून. तिची दीर्घ मुदतीची, म्हणजे एलटीएस, आवृत्ती सम वर्षांच्या एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षे चालते. यातली मेख निवडणाऱ्याने आधी पाहावी. ही फुकट हमी मुख्य भांडारातल्या पॅकेजांची आहे. युनिव्हर्स नावाच्या प्रचंड मोठ्या भांडाराला तशी हमी नव्हती. ते सामावून घेणारी आणि मुदत दहा वर्षांवर नेणारी उबुंटू प्रो ही योजना, मोजकी यंत्रे सोडली तर, व्यवसायांसाठी सशुल्क आहे. आपण वापरतो ती पॅकेजे कोणत्या भांडारातून आली, हे एका आज्ञेने कळते, आणि ते न पाहताच पाच वर्षांचा आधार आहे असे निविदेत लिहिणारे पुष्कळ भेटतात. जर्मनीच्या सूझाबद्दल इथे एकच गोष्ट सांगतो. सॅपची हाना ही डेटाबेस अधिकृतपणे सूझा आणि रेड हॅट यांच्या एंटरप्राइज आवृत्त्यांवरच चालते, त्यामुळे सॅपवर चालणाऱ्या कारखान्यात निवड आधीच झालेली असते.

बीएसडी घराणे मात्र वेगळे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात वाढलेले हे युनिक्सचे वंशज १९९२ ते १९९४ या काळात एटी अँड टीच्या उपकंपनीशी चाललेल्या खटल्यात अडकले आणि नेमकी तीच वर्षे लिनक्सच्या बाळशाची ठरली. तरी फ्रीबीएसडी आजही नेटफ्लिक्सचे चित्रपट पोचवणाऱ्या सर्व्हरांवर आहे, सोनीच्या प्लेस्टेशन ४ च्या पोटात आहे, आणि लहान कार्यालयांत फायरवॉल म्हणून बसवलेल्या पीएफसेन्सच्या पेटीतही आहे.

सोनीने तीच का उचलली असावी, याचे एक उत्तर परवान्यात शोधता येते. बीएसडी परवान्यात आपले बदल झाकून ठेवायला मुभा आहे. जीपीएलमध्ये, तयार प्रोग्रॅम दुसऱ्याच्या हाती दिला की त्याचा सोर्स कोडही द्यावा लागतो. हिशेबनीस आणि वकील दोघेही इथे हमखास दचकतात, म्हणून स्पष्ट करतो. कंपनीने लिनक्स आपल्याच कामासाठी, आपल्याच यंत्रांवर, मनसोक्त बदलून वापरले तरी कोणाला काही देणे लागत नाही. बंधन सुरू होते ते वाटप केल्यावर. लिंक्सिसच्या प्रसिद्ध राउटरमध्ये लिनक्स आहे हे लोकांनी ओळखले आणि २००३ मध्ये कंपनीला कोड खुला करावा लागला. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने जीपीएलच्या अटी बंधनकारक मानून एका राउटर विक्रेत्याविरुद्ध आदेश दिला. चाकण किंवा भोसरीत यंत्राचा कंट्रोलर बनवून त्यात लिनक्स घालून विकणाऱ्या उद्योजकाला या दोन प्रकरणांशी थेट कर्तव्य आहे. त्याच्या शेजारच्या गाळ्यात फक्त स्टॉकची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरला नाही.

सर्व्हर हा या विषयाचा सोपा अर्धा भाग. माणसांच्या टेबलावरचा संगणक हा अवघड अर्धा, आणि त्यासाठी म्युनिक शहराचेच दुसरे प्रकरण वाचावे लागते. २००३ मध्ये नगरपरिषदेने आपले संगणक लिनक्सवर न्यायचे ठरवले. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर स्कीइंगची सुट्टी अर्धवट टाकून महापौरांना भेटायला गेले, ही त्या काळची गाजलेली बातमी. २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणकांचे स्थलांतर झाले. २०१७ मध्ये परिषदेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचे मत दिले. लिनक्सचे विरोधक याला लिनक्सचा पराभव म्हणतात, समर्थक याला कारस्थान म्हणतात, आणि दोघांनाही अहवाल वाचायचा कंटाळा असतो. शहराचा माहिती-तंत्रज्ञान विभाग अनेक तुकड्यांत विभागलेला होता, प्रत्येक खात्याची पद्धत वेगळी होती, आणि बाहेरच्या सरकारी कार्यालयांशी कागदपत्रांची देवाणघेवाण मायक्रोसॉफ्टच्याच फॉरमॅटमध्ये होत राहिली. सल्लागारांनीही संघटनेतल्या दोषांवर बोट ठेवले होते.

फ्रान्सच्या जाँदार्मेरी या पोलिसदलाने उलटी वाट धरली. २००५ मध्ये त्यांनी आधी विंडोजवरच ओपनऑफिस आणले, मग फायरफॉक्स आणि थंडरबर्ड. लोकांचे हात नव्या प्रोग्रॅमांना सरावल्यावर, २००८ पासून, खालची ऑपरेटिंग सिस्टिम बदलून उबुंटू केली. तोवर शिपायाच्या पडद्यावर बदलण्यासारखे थोडेच उरले होते. दल एकाच हुकमाखाली चालते ही त्यांची सोय होती हे मान्य, पण आधी वरचे मग खालचे हा क्रम कुठल्याही दहा टेबलांच्या कचेरीला उचलता येतो.

आपल्याकडच्या कचेरीत मात्र त्या क्रमाला तीन गाठी बसतात. पहिली टॅली. ती विंडोजसाठी बनलेली आहे, आणि वाइनसारख्या मधल्या थरावर चालवून पाहणे हा छंद म्हणून ठीक, मार्चअखेरीस नव्हे. व्यवहारी तोडगा असा, की एक विंडोज यंत्र तेवढ्यासाठी ठेवावे आणि बाकीच्यांनी नेटवर्कवरून त्यात जावे. दुसरी गाठ डिजिटल सहीच्या टोकनची. लिनक्सचा ड्रायव्हर मिळेल की नाही हे टोकन कोणत्या कंपनीचे यावर ठरते, म्हणून निविदा भरण्याच्या आदल्या रात्री हा शोध घेऊ नये. तिसरी गाठ छपाईची. आपली मुद्रणालये आणि फ्लेक्सवाले कोरलड्रॉवर जगतात. याच कोरल कंपनीने १९९९ मध्ये डेबियनवर आधारलेला स्वतःचा लिनक्स काढला होता आणि नंतर कोरलड्रॉही लिनक्सवर आणला होता, हे आज सांगितले तर फ्लेक्सवाल्याला थट्टा वाटेल.

याच छपाईतून मराठीचा प्रश्न येतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी आणि सीडॅकची आयएसएम यांच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत आपल्या संस्थांचे दशकांचे दस्तऐवज पडून आहेत. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्यांची अगम्य चिन्हे होतात, शोध लागत नाही, अकारविल्हे लावता येत नाही. लिनक्सवर जाताना ही अडचण उघडी पडते आणि दोष लिनक्सला मिळतो. खरे तर युनिकोडमध्ये रूपांतर हे तसेही करायचे राहून गेलेले काम आहे. लिनक्सच्या बाजूने इथे पुण्याचे ऋण मोठे आहे. रेड हॅटने २००४ मध्ये जीपीएलखाली खुले केलेले लोहित फॉन्ट पुढे तिच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षे सुधारले. आता मुंबईच्या एक टाइपचा मुक्तासारखा देखणा फॉन्टही खुल्या परवान्यात मिळतो. तरीही निवड पक्की करण्याआधी आपल्याच कार्यालयाचे एक पत्र नव्या यंत्रावर उघडून 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला र नीट जुळतो का, छापल्यावरही तसाच राहतो का, हे पाहून घ्यावे. अक्षर जुळवणारे हार्फबझसारखे मुक्त इंजिन आता क्रोमपासून लिबरऑफिसपर्यंत सगळीकडे असल्याने सहसा ते जुळते. पीडीएफमधून मजकूर परत उचलताना मात्र अजूनही घोटाळे होतात.

सरकारी पातळीवर सीडॅकची डेबियनवर आधारलेली बॉस ही डिस्ट्रो २००७ मध्ये आली, केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले, केरळने शाळांत मुक्त सॉफ्टवेअर खोलवर रुजवले. यांतले केरळचे उदाहरणच मला अभ्यासाच्या तोलाचे वाटते, कारण तिथे शिक्षकांचे प्रशिक्षण धोरणाच्या बरोबरीने चालले.

मग निवडायचे काय? हा प्रश्न टाळणारी प्रस्तावना भित्री ठरेल. पाच-दहा यंत्रांचा व्यवसाय असेल आणि स्वतःचा ॲडमिन नसेल, तर आपल्या गावात जी डिस्ट्रो जाणणारा माणूस हाकेवर मिळतो ती घ्यावी, मग ती माझ्या आवडीची नसली तरी चालेल. सॅप, ओरॅकल यांच्यासारखे प्रमाणपत्र मागणारे सॉफ्टवेअर असेल तर वर्गणी भरावी आणि कुरकुर करू नये. स्वतःचे दोन-तीन जाणकार पदरी असतील तर डेबियन किंवा अल्मालिनक्स, आणि वाचलेल्या वर्गणीतला काही भाग त्या प्रकल्पाला द्यावा. हे दान समजू नये, तो देखभालीचा खर्च आहे. निवडीच्या दिवशीच बाहेर पडण्याची तालीमही करावी. दुसऱ्या डिस्ट्रोवर तेच काम एकदा उभे करून, किती तास लागले ते लिहून ठेवावे. 'फुकट' सॉफ्टवेअरच्या खऱ्या किमतीचा अंदाज बांधायला एवढा सरळ आकडा दुसरा नाही.

कायद्याचे पान अलीकडे जाड होत चालले आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. लिनक्सवर यासाठी लागणारी अवजारे आयती असतात, पण ती तशी जुळवून ठेवणे आपले काम.

आणि सर्वांत अस्वस्थ करणारे प्रकरण २९ मार्च २०२४ चे. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असे जाणवले, त्याने खणले, आणि एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या छोट्या लायब्ररीत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. ती लायब्ररी मुख्यतः एक थकलेला माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. मदतनीस म्हणून आलेल्या कोणा टोपणनावाने दोन वर्षे विश्वास कमावून ताबा मिळवला होता. चोरदरवाजा डेबियन आणि फेडोराच्या चाचणी आवृत्त्यांत पोचला. बॅकपोर्टवर चालणाऱ्या पक्क्या आवृत्त्या त्यांच्या जुनाटपणामुळेच वाचल्या. पण डिस्ट्रोच्या हमीखाली अशा किती निनावी माणसांच्या हमी दबलेल्या आहेत, याची मोजणी कोणत्याही डिस्ट्रोकडे तेव्हा धड नव्हती.

युरोपीय संघाने अशा धोक्यांना कायद्याने उत्तर द्यायचे ठरवले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आलेल्या सायबर रेझिलियन्स ॲक्टची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. मुक्त प्रकल्प चालवणाऱ्या संस्थांना त्यात सौम्य वेगळा दर्जा आहे. भार आहे तो उत्पादन बाजारात आणणाऱ्यावर. उत्पादनाचे आयुष्य मुळातच कमी नसेल, तर किमान पाच वर्षे त्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवायच्या, आत वापरलेल्या मुक्त घटकांसकट. पिंपरीतल्या ज्या कंपनीच्या पेटीत डेबियन आहे आणि जी पेटी श्टुटगार्टला जाते, तिला या पाच वर्षांचे उत्तर द्यावे लागेल, आणि त्यासाठी डेबियनकडे बोट दाखवून चालणार नाही.